बंदुकीची आंघोळ

बंदुकीला आंघोळ घालणारी बाई अख्ख्या अक्कलकोट तालुक्यात एकच असावी. तिचं नाव सारजाबाई. दर अमावस्येला सकाळी ती नवऱ्याची रायफल पाटावर आडवी ठेवायची, तांब्यात दूधपाणी कालवून वरून सोडायची, हळद लावायची, कुंकू लावायची आणि लाकडी दस्ता नि लोखंडी नळी जिथं एकत्र येतात तिथं लाल दोऱ्याचा एक नवा वेढा द्यायची. जुना दोरा काढायचा नाही. देवाच्या नावानं बांधलेलं सोडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. वेढ्यावर वेढे चढून त्या जागी मनगटाएवढं जाड कडं तयार झालं होतं.

हे सुरू झालं भीतीपोटी. तिच्या नवऱ्याला, कुंडलिकतात्यांना, तरुणपणी पीक राखायला म्हणून बंदुकीचा परवाना मिळाला. बोरी नदीच्या अंगाला रानडुकरांचा उपद्रव तेव्हाही होता, आजही आहे. तात्या पहिल्यांदा रायफल घेऊन रानात गेले आणि कळपाच्या मधोमध सापडले. सकाळी घरी आले ते धोतर फाटलेलं, एक चप्पल गायब आणि तोंडावर उसनं हसू. सारजाबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिलं आणि मग चुलीपुढं बसून मनसोक्त रडली. त्या दिवशी अमावस्या होती. तिनं ती बंदूक उचलली, न्हाऊ घातली, दोरा बांधला आणि तिला बजावलं की माझा माणूस नेशील तसा परत आणायचा.

बंदुकीनं ते ऐकलं म्हणायचं. त्यानंतर तात्यांच्या अंगाला ओरखडासुद्धा आला नाही. वनखात्याची परवानगी आली की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं, आणि कुंडलिकतात्यांची गोळी वाया जात नाही असं लोक सांगायचे. तात्या रायफल बाहेरून रोज पुसत, तेल लावत, नळीतून चिंधी फिरवत. फक्त लाकूड काढून आतून पाहायचं तर दोरा तोडावा लागला असता. तो बायकोनं बांधलेला, देवाचा दोरा. तात्यांनी त्याला कधी हात लावला नाही. खंडेनवमीला तर शेजारचा गुरप्पा स्वतः नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी रायफलीवर सोडायचा. त्याचा मका तात्यांच्या जिवावर घरी येत होता, म्हणून तो मान त्याचा.

गेल्या मार्गशीर्षात त्याच गुरप्पाच्या मक्यात डुकरं शिरली. पहाटे तात्यांनी बांधावरून नेम धरला. अंतर काही फार नव्हतं. गोळी डुकराच्या मानेत बसायची ती मांडीत बसली. जखमी जनावर उलटलं, मागं उभ्या असलेल्या गुरप्पाकडं धावलं आणि त्याची पोटरी फाडून उसात नाहीसं झालं. गुरप्पा सोलापूरच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता. पाय वाचला, पण लंगडा झाला.

गुरप्पानं तोंडातून वाईट शब्द काढला नाही. उलट म्हणाला, "वय झालं की, तात्या. नजर काय कुनाची जन्मभर ऱ्हाती?" नेमका हाच शब्द तात्यांच्या मनात रुतून बसला. गावातही तेच झालं, तात्यांची नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून वयाच्या मानानं उत्तम आहे असं सांगितलं, तर तात्यांना वाटलं डॉक्टर समजूत काढतोय. त्यांनी रायफल खुंटीला लावली आणि ओसरीवरच्या खाटेवर मुक्काम टाकला. एक डोळा झाकायचा नि समोरच्या चिंचेच्या शेंगा मोजायच्या, मग दुसरा झाकायचा नि पुन्हा तेच. सारजाबाई आतून पाहायची. जेवायला हाक मारली की ते घाईनं हात खाली घ्यायचे. चोरी पकडल्यावर माणूस करतो तसं.

माणूस असा बसून संपतो हे तिनं आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. म्हणून तिनंच टुमणं लावलं. "अवो, ती जुनी झाली. पावसापान्यात किती दिस चालंल? आता पान्याला न भिनारी बंदूक मिळती म्हनं. तसली घ्या." तात्या आधी नाही म्हणाले, मग गप्प बसले, मग एक दिवस जुनी देऊन नवी घ्यायच्या परवानगीचा अर्ज करून आले. ती परवानगी हातात आल्यावर भाद्रपदात दोघं सोलापूरला निघाली. गुरप्पाचा पुतण्या नंदीश जीप घेऊन आला.

मैनुद्दीनचं दुकान लष्कर भागात. जिना चढून वर, जाळीच्या दाराआड. गाडी लावायला जागा नव्हती म्हणून नंदीश खालीच थांबला. मैनुद्दीनचा आणि तात्यांचा जुना घरोबा, काडतुसं इथूनच जायची. त्यानं चहा मागवला, सारजाबाईसाठी पंख्याखाली खुर्ची सरकवली आणि टेबलावर घोंगडी अंथरून दोन रायफली काढून ठेवल्या.

"तात्या, ह्या दोन हायेत तुमच्या कामाच्या. दोन्ही बोल्टच्या. निवडायचं तुमी."

पहिली परदेशी, जुनी, कुण्या जहागीरदाराच्या घरातून विकायला आलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर हाताच्या वापरानं आलेली चकाकी, निळसर काळी नळी. तात्यांनी बोल्टची, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्याची, मूठ वर केली, मागं ओढली, पुढं ढकलली. काही आवाज न होता ती जागच्या जागी बसली. त्यांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढी माया सारजाबाईला दिसली नव्हती, आणि तिला त्या लाकडाचा थोडा हेवाही वाटला.

दुसरी देशी, नवी कोरी. नळी नि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, पण चमक मारून राखाडी केलेले, म्हणजे चांदण्यात जनावराला दिसू नये. दस्ता काळ्या फायबरचा. तात्यांनी त्यावर टिचकी मारली. आतून पोकळ आवाज आला.

"ही काय बंदूक म्हनायची का बादली?"

"बादलीच समजा," मैनुद्दीन हसला. "पन ही बादली फुगत न्हाय, आकसत न्हाय, हिला गंज लवकर धरत न्हाय. वजनाला हलकी. खोटं कशाला बोलू, हलकी हाय म्हनून खांद्याला लाथ जरा जोरात मारंल. ती लाकडाची जड, निवांत बसती खांद्यात. पन तिची निगा लई. पावसात लाकूड फुगतं, आपल्या उन्हाळ्यात सुकतं. लाकूड हललं की नळीला रेटा देतं, आनि मग गोळी तुमच्या मनात एक जागा, तिच्या मनात दुसरी."

"निगा मी करतो. माजं हत्यार बगा की," तात्या म्हणाले. त्यांचा जीव लाकडावर जडला होता हे उघड दिसत होतं. "लाकडाला ऊब असती. हिला काय हाय?"

"जुनीची किंमत धरायची तर बघायलाच पायजे," असं म्हणत मैनुद्दीननं त्यांची रायफल गवसणीतून काढली. नळीतून उजेडाकडं पाहिलं, मान डोलावली. बोल्ट चालवून पाहिला, पुन्हा मान डोलावली. मग त्याचा हात लाल कड्यापाशी येऊन थांबला.

"भाभी, हे तुमचं काम दिसतंय. लाकूड काढून बघावं लागंल, पन देवाचा दोरा हाय. मी न्हाय हात लावनार."

सारजाबाई उठली. गाठी दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या. शेवटी मैनुद्दीनची कात्री घेऊन तिनंच मनातल्या मनात क्षमा मागितली आणि कड्याला कात्री लावली. वरचे वेढे कोरडे होते. खालचे ओले निघाले. सगळ्यात खालचे काळे पडून लगदा झालेले, आणि त्यांना नासलेल्या दह्याचा वास येत होता.

मैनुद्दीननं स्क्रू फिरवले. एक फिरला, दुसरा मोडला. त्यानं लाकूड अलग केलं आणि दोन्ही भाग घोंगडीवर शेजारी शेजारी ठेवले. लाकडाच्या वर जेवढी नळी दिसायची तेवढी स्वच्छ होती. लाकडाखालच्या भागाला गंजाचे पोपडे सुटले होते. दस्ता आतून पिवळाधमक होता आणि इतका मऊ की मैनुद्दीनचं नख त्यात सहज रुतलं. त्यानं नळी पुन्हा लाकडात ठेवून जरा हलवली. ती हलणाऱ्या दातासारखी डुगडुगली.

"ह्या रायफलीची एक गोळी हिकडं जानार, दुसरी तिकडं," तो म्हणाला. "नेम कुनाचाबी असू द्या."

तात्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं, मग दोन्हींनी. त्यांचे खांदे सैल झाले. डोळे शाबूत होते. डॉक्टर खरं बोलला होता. एवढे महिने त्यांनी चिंचेच्या शेंगा फुकटच मोजल्या होत्या.

आणि सारजाबाईला आपल्या घरचा लोखंडी तवा आठवला. तो ओला ठेवलेला तिला कधी खपायचा नाही. सून आली तेव्हा पहिली शिकवण तीच दिली होती, लोखंड धुतलं की पुसायचं, पुसलं की तेलाचा हात फिरवायचा. तव्याचं जे कळत होतं ते बंदुकीचं कळलं नाही, कारण तवा तिच्या लेखी भांडं होतं नि बंदूक देव. गुरप्पाची फाटलेली पोटरी तिच्या डोळ्यांपुढं आली. ती पोटरी डुकरानं फाडली नव्हती, तिच्या तांब्यानं फाडली होती.

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग मैनुद्दीनकडं वळून म्हणाले, "पावसानं झालं."

मैनुद्दीननं पिवळ्या लाकडाकडं नजर टाकली. "तुमच्याकडं पाऊस पिवळा पडतोय वाटतं, तात्या."

मैनुद्दीननं एकदा नवऱ्याच्या, एकदा बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि घोंगडीवर पडलेल्या दोऱ्याचे तुकडे गोळा करू लागला. "हौ," तो खाली मान घालून म्हणाला. "पाऊसच. लाकडाचं असंच असतंय."

तात्यांनी अक्रोडाच्या दस्त्यावरून शेवटचा एकदा अंगठा फिरवला आणि ती रायफल बाजूला सारली. "ही बादली द्या. हिच्यावर पानी वतलं तरी चालंल न्हवं?"

"चालंल की. पुसून ठेवा म्हंजे झालं."

"दूध?"

"तात्या, दुधानंबी तिला काय हुनार न्हाय."

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचा माणूस तिनं घातलेली आंघोळ सोसेल अशी बंदूक निवडत होता. जिच्यावर जीव जडला ती सोडून, जिला बादली म्हणाला ती घेत होता. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही दुकानात करण्यासारखं नव्हतं. निघताना तिनं एवढंच विचारलं, "ते कुजकं लाकूड मी नेऊ का?" मैनुद्दीननं ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

जीपमध्ये बसताच नंदीशनं विचारलं, "काय निघालं, तात्या? डोळं का बंदूक?"

"बंदूक. पावसात भिजून लाकूड कुजलं हुतं. माजंच ध्यान न्हवतं."

एवढं पुरे झालं. नंदीशच्या पोटात गोष्ट राहत नाही हे गावाला ठाऊक होतं, तात्यांनाही असावं. दोन दिवसांनी तात्यांनी ओढ्याच्या काठाला पत्र्याचा डबा ठेवून नव्या रायफलीचा नेम तपासला. लोक जमले होते. डबा पहिल्याच गोळीला उडाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. नजर जर अशी खणखणीत आहे, तर मग गुरप्पाचा पाय गेला कशानं? आळसानं. हत्यार सांभाळायच्या कंटाळ्यानं.

म्हाताऱ्या माणसाची नजर जाते, त्याचा कुणी राग धरत नाही. पण निष्काळजीपणाला माफी नसते. पारावर तात्या आले की बोलणं थांबू लागलं. पिठाच्या गिरणीत दळायला आलेली चिमाबाई सारजाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सोताचं हत्यार पुसायचा कटाळा, आन दुसऱ्याची तंगडी ग्येली." गुरप्पा रोज सकाळी चहाला यायचा, तो यायचा बंद झाला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता त्यांच्या दारावरून लंगडत जायचा आणि मान वळवायचा नाही.

"मी सांगते त्येला," सारजाबाई म्हणाली.

"गप ऱ्हा. तुजं नाव कशाला मदी?"

"आन तुमचं ग्येलं त्ये?"

"माजं काय ग्येलं? नजर ग्येली म्हनत हुते तवा मला अन्न ग्वाड लागत न्हवतं. आता नजर हाय ह्ये मला ठावं हाय. बास झालं." असं म्हणून तात्या जेवायला बसले. पण भाकरी अर्धीच खाल्ली, आणि ते तिनं पाहिलं.

सर्वपित्री अमावस्या आली. सारजाबाई सवयीनं दूधपाण्याचा तांब्या घेऊन नव्या रायफलीपुढं जाऊन उभी राहिली. तात्या खाटेवरून म्हणाले, "घाल की. स्टीलची हाय." तिच्या हातून ते पाणी पडेना. शेवटी तिनं तांब्या तुळशीत रिकामा केला.

खंडेनवमीला तात्यांच्या ओसरीवर दरवर्षीप्रमाणे विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी मांडल्या गेल्या. नवी रायफल मधोमध. गावातली माणसं आली, कारण हे जुनं ठरलेलं होतं आणि रागावरून सणाला न जाणं शोभत नाही. गुरप्पाही आला. हातात नारळ होता, पण तो पायरीखालीच थांबला.

सारजाबाई आतून पाट घेऊन आली. त्यावर वर्तमानपत्रातून काढलेलं ते कुजकं लाकूड होतं. तिनं ते रायफलीच्या शेजारी ठेवलं आणि सगळ्यांदेखत तांब्यातलं दूधपाणी त्याच्यावर ओतलं. पाणी लाकडात मुरलं आणि खालून पिवळं होऊन पाटावर उतरलं.

"ह्यो पाऊस," ती म्हणाली. "ह्यांनी पाऊस पाऊस म्हनून सांगितलं त्यो ह्यो. दर अवसेला मी वतत हुते. दोरा मी बांदला, म्हनून ह्यांनी कवा लाकूड सोडलं न्हाय. गुरप्पा, तुजा पाय ह्यांच्या नजरंनं ग्येला न्हाय, का आळसानं ग्येला न्हाय. माज्यामुळं ग्येला. काय बोलायचं त्ये मला बोल."

तात्या उठून उभे राहिले होते. ते पुन्हा खाली बसले.

गुरप्पा एक पायरी चढला, दुखरा पाय ओढत दुसरी चढला. वाकून त्यानं लाकूड हातात घेतलं, नखानं टोकरलं, वास घेतला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"अक्का," तो म्हणाला, "खंडेनवमीला नारळाचं पानी कोन घालत हुतं हिच्यावर?"

सारजाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"मीच की," गुरप्पा म्हणाला. "अय्यो शिवा! वर्साला एक नारळ. लई भक्तीनं. अर्दा पाय माजा मीच खाल्ला म्हना की." आणि तो हसायला लागला. आधी एकटाच, मग पायऱ्यांवरचे दोघे तिघे, मग चिमाबाईसुद्धा. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, दोन्ही.

गुरप्पानं नारळ फोडला. पाणी पेल्यात धरलं आणि रायफलीकडं पाहून हात मागं घेतला. मग पेला तात्यांपुढं केला. "तुमीच प्या, तात्या. तुमाला गंज चडला तर चडू द्या." तात्यांनी तो एका दमात रिकामा केला.

दसरा झाला आणि गुरप्पाच्या मक्यात पुन्हा डुकरं शिरल्याचं कळलं. परवानगीचा कागद होताच. दिवस कलताना तात्यांनी रायफल खांद्याला लावली, पायात वहाणा सरकवल्या. सारजाबाई देव्हाऱ्यापुढून लाल दोरा घेऊन बाहेर आली. ती रायफलीकडं वळली नाही. तिनं त्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि मनगटाला दोरा बांधायला लागली.

"बगून बांद," तात्या म्हणाले. "ह्यो भिजंल की रानात."

"भिजू दे," ती गाठ मारत म्हणाली. "सांजसकाळ मी पुसनार हाय. तुमी फकस्त घरला या."